१६० चौरस फुटांची खोली आणि खालचं मैदान

कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बायकांचं १२ बाय ८. बॅट नको, नेट नको, बूट तर नकोच. फक्कीने रेघा मारल्या की काम झालं. क्रिकेटच्या एका मोठ्या मैदानात अशी साधारण शंभर मैदानं मावतील. मुंबईच्या गिरणगावात कबड्डी इतकी का फोफावली, याचं उत्तर मला आधी या आकड्यांत सापडलं. दोन चाळींमधल्या पट्ट्यात बसेल असा खेळ तिथे टिकला. (मी सॉफ्टवेअरवाला आहे, आधी आकडे बघायची सवय सुटत नाही.)

पण जागा असली म्हणून पोरं खाली उतरतात असं नाही. त्यांना घरातून कोणीतरी ढकलावं लागतं. गिरणगावात ते काम खोलीच करायची.

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१. तळमजला आणि वर तीन मजले, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. 'चाळ' म्हटलं की आपल्याला सिनेमातली लांब गॅलरी आठवते. बीडीडीत ती नाही. मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आता विचार करा, बाप रात्रपाळी करून आलाय आणि दुपारी झोपलाय. त्याच खोलीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने काय करायचं? आई एकच वाक्य बोलणार, "खाली जा." कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी हुतूतू सोबत आणला होताच. मग मंडळं निघाली, व्यायामशाळा निघाल्या, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगू लागले.

म्हणून चाळीच्या आठवणींत गहिवरणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती पोरं खेळायची याचं मोठं कारण घरात बसायला जागा नव्हती, हे होतं.

तिथून फार लांब नसलेल्या शिवाजी पार्कची गोष्ट उलटी आहे. १८९६च्या प्लेगने शहर हादरलं, १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्यात रुंद रस्ते, बागा आखून वस्ती वसवली गेली. १९२५मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुलं झालं. १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. सुमारे २८ एकर मैदान आणि त्याच्या कडेने मध्यमवर्गीयांची घरं. इथे क्रिकेट रुजलं, कारण इथे ते मावत होतं.

घर मैदानाजवळ असण्याचं मोल किती, ते सचिन तेंडुलकरच्या लहानपणातून कळतं. तो राहायचा वांद्र्याला. रमाकांत आचरेकरांकडे शिकायला लागल्यावर शाळा बदलून तो दादरच्या शारदाश्रमात आला आणि पुढे शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. रोजच्या प्रवासात दमछाक व्हायची म्हणून. सचिनच्या बाबतीतही अंतर आडवं आलंच की! फक्त त्याला मैदानाशेजारी नातेवाईक होते.

आता ज्या भागाची मोकळी जागा वाढू शकली असती, त्याची गोष्ट. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि साधारण ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१च्या नियमाने ढोबळ वाटणी केली होती : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया समितीने सगळ्या जमिनीचा एकत्र विचार करायला सांगितलं. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, शेडखालची जमीन हिशेबाबाहेर. गिरणीच्या आवारात शेडच जास्त असणार, म्हणजे मैदानांचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने तो बदल अडवला, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. एका ओळीची दुरुस्ती, आणि आउटपुट अख्खं बदललं. माझं ऑफिस अशाच एका जागेवरच्या काचेच्या इमारतीत आहे. आत जिम आहे, कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पौगंडावस्थेतल्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी अंगमेहनत करावी. तिच्याच संशोधकांचा २०१९चा अभ्यास सांगतो की ११ ते १७ वयातली जगभरातली ८१ टक्के मुलं तेवढी करत नाहीत. भारताचा आकडा त्याहून थोडा बरा निघाला. मुलग्यांमध्ये क्रिकेटमुळे असावा, असा संशोधकांचा अंदाज. मुलींमध्ये? घरकामामुळे!

हे वाचून मी मावशीला फोन केला. ती वरळीच्या चाळीत वाढली, शाळेत खो-खो खेळायची. नववीत खेळ सुटला. का, तर संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला घरी कोणीतरी हवं असायचं. "मैदान खिडकीतून दिसायचं गं, सॉरी, रे," ती म्हणाली. मागे भाची बोलत होती, म्हणून जीभ घसरली. मैदान तिच्याही घराखाली होतं, तेवढंच मोठं. भावाच्या वाट्याला ते अंधार पडेपर्यंत असायचं, तिच्या वाट्याला नळाला पाणी येईपर्यंत. नकाशावर हा फरक दिसत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळी बीडीडीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरात संडास, घरात पाणी. मुलीने पाण्यासाठी थांबायचं कारण संपलं, आणि मुलाला खाली हाकलायचंही. तिसऱ्या मजल्यावरून "जेवायला ये" अशी हाक ऐकू जायची, तिसाव्यावरून नाही जाणार. त्याला फोन द्यावा लागेल, आणि मग तो खाली कशाला जाईल? मला एवढंच बघायचंय की टॉवरच्या पोडियमवर १२ बाय ८च्या रेघा मारायला सोसायटी परवानगी देते का, आणि दिली तर संध्याकाळी सातनंतर तिथे कोण असतं.