विद्यापीठाची सीमा आणि मैदानावरील ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. ‘आपण’ म्हणताना त्याला आपल्यात सामील करून घेतो. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ यांत हाच भेद आहे, आणि दखनीतील ‘हम’ व ‘अपन’ यांतही तो आढळतो. इंग्रजीला मात्र एकाच सर्वनामावर दोन्ही कामे भागवावी लागतात. सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला उभा असलेला मनुष्य शेजाऱ्याला ‘आपण जिंकलो’ असे सांगतो, तेव्हा तो स्वतः खेळलेला नसतो आणि बहुधा शेजारीही खेळलेला नसतो. तरीही हे वाक्य कोणाला खोटे वाटत नाही. केवळ पाहणारा तो प्रेक्षक. ‘आपण’ म्हणण्याचा हक्क सांगणारा तो चाहता. हा हक्क कोठून येतो, आणि संघांची मांडणी किंवा खेळाचे अर्थकारण बदलले म्हणजे त्याचे काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. अंबाजोगाई आणि तिच्या परिसरातील महाविद्यालये हे त्यासाठी घेतलेले मुख्य उदाहरण होय.

(१)

अंबाजोगाईचा शैक्षणिक नकाशा एका आयुष्याच्या अवधीत अनेकदा बदलला. निजामी अमदानीत हे गाव मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई आणि उच्च शिक्षणाची वाट हैदराबादकडे जात असे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. औरंगाबादेस १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय निघाले, तेव्हा त्यालाही उस्मानियाचीच संलग्नता घ्यावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि विभागातील महाविद्यालये एका छत्राखाली आली.

विद्यापीठाची सीमा ही परीक्षांची आणि पदव्यांची सीमा असते, हे सर्वमान्य आहे. ती खेळाचीही सीमा असते, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठाच्या कक्षेत होतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. म्हणून संलग्नता बदलली की तीन गोष्टी एकदम बदलतात. प्रतिस्पर्धी कोण, सहकारी कोण, आणि शेवटी कोणाच्या नावाने खेळायचे, या तिन्ही प्रश्नांना नवी उत्तरे मिळतात. आजच्या विभागणीत उस्मानिया दक्षिण विभागात, तर मराठवाड्यातील विद्यापीठे पश्चिम विभागात खेळतात. राज्यपुनर्रचनेची रेषा अशा रीतीने कबड्डीच्या मैदानापर्यंत पोहोचली आहे.

१९५८ नंतरची छत्तीस वर्षे अंबाजोगाई आणि लातूर एकाच विद्यापीठात होती. दोन्ही गावांत रस्त्याने साठ किलोमीटरांहून अधिक अंतर नाही. बाजार, दवाखाने आणि सोयरिकी यांचे जाळे दोहोंमध्ये पूर्वीपासून विणलेले आहे. अशा दोन गावांची महाविद्यालये समोरासमोर येत, तेव्हा चुरस निर्माण करण्यासाठी वेगळ्या जाहिरातीची गरज नसे. त्याच मुलांपैकी निवडक मुले पुढे विद्यापीठाच्या एका संघातून खेळू शकत. कालचा ‘तुम्ही’ आज ‘आपण’मध्ये येण्याची ही सोय त्या रचनेतच होती.

१९९४ साली ही रचना मोडली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर, नांदेड आणि परभणी हे जिल्हे (पुढे परभणीतून निघालेला हिंगोलीही) त्याच्याकडे गेले. बीड जिल्हा मात्र औरंगाबादच्या विद्यापीठातच राहिला. लातूर इतके जवळ असताना अंबाजोगाईचे विद्यापीठ दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे, आणि जवळचे लातूर आता दुसऱ्या विद्यापीठाचे आहे. यात एक विसंगतीही दडली आहे. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून काम केले, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात अंबाजोगाईच नाही. गावातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. पण ते १९९८ साली निघालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे एकाच गावातील वैद्यकीचा विद्यार्थी आणि कलाशाखेचा विद्यार्थी आंतरविद्यापीठ स्पर्धेत वेगवेगळ्या संघांचे ठरतात.

या विभाजनामागे पैशाचा लोभ नव्हता. वाढलेली महाविद्यालये, लांबचे अंतर आणि प्रशासनाचा भार ही कारणे रास्त होती, आणि नांदेडच्या विद्यार्थ्याला त्यातून खरोखरीच सोय झाली. विद्यापीठाची ओळख माणसाच्या अंतःकरणात किती खोल असते, हे मराठवाड्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे प्राणास मुकली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत हा संघर्ष सुमारे सोळा वर्षे चालला. नाव आपले आहे की नाही, हा प्रश्न तेथे प्रतिष्ठेचा आणि माणुसकीचा होता. त्या मानाने खेळाच्या कक्षा बदलणे ही अल्प बाब खरीच. परंतु ती इतकी अल्प मानली गेली की तिची नोंद घेण्याचेच राहून गेले.

(२)

संघांची मांडणी बदलण्याची कारणे नेहमी सारखीच नसतात, हे दाखवणारे जुने उदाहरण मुंबईचे आहे. युरोपीय आणि पारशी यांच्या १८९२ पासूनच्या सामन्यांतून १९०७ साली तिरंगी, १९१२ साली चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी स्पर्धा उभी राहिली. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि इतर असे तिचे धर्मवार संघ होते आणि तिच्या सामन्यांना अलोट गर्दी लोटत असे. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी या धर्मवार विभागणीविषयी नापसंती व्यक्त केली. १९४६ नंतर ही स्पर्धा झाली नाही. तिची जागा १९३४-३५ पासून चालू असलेल्या, प्रदेशवार संघांच्या रणजी स्पर्धेने घेतली. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वर्षे तिचे विजेतेपद मिळवले. पंचरंगीची गर्दी मात्र रणजी सामन्यांना सहसा लाभली नाही. तत्त्व श्रेष्ठ होते आणि निर्णय योग्य होता. तरीही चाहत्याचे ‘आपण’ आज्ञेने एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येत नाही, एवढे त्यातून दिसून आले. प्रादेशिक ‘आपण’ रुजायला काळ जावा लागला, आणि मराठवाड्याच्या बाबतीत ते काम आजही अपुरे आहे. विदर्भाचा रणजी संघ विदर्भाच्या नावाने खेळतो आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांत त्याने करंडकही जिंकला. मराठवाड्याचा खेळाडू मात्र पुण्यात मुख्यालय असलेल्या संघटनेच्या ‘महाराष्ट्र’ संघातून खेळतो.

(३)

पैशाच्या कारणाने झालेल्या फेरमांडणीचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे महाविद्यालयीन फुटबॉल हा स्वतंत्र व्यवसायच आहे. विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात, आणि हे गट मुळात शेजारधर्मावर उभे राहिले. राष्ट्रीय संघटनेकडे असलेली दूरदर्शन-प्रक्षेपणाची मक्तेदारी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक गट आपले सामने स्वतंत्रपणे विकू लागला, आणि गट जितका मोठा व त्यातील नावे जितकी प्रसिद्ध तितकी किंमत अधिक, हे गणित रूढ झाले. त्याची परिणती २०२४ साली दिसली. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅसिफिक किनाऱ्यावरील गटातील बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली आणि त्या ऑगस्टमध्ये गटात दोनच उरली. कॅलिफोर्नियातील विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या गटांत गेली. ओक्लाहोमा राज्यातील दोन विद्यापीठांमध्ये १९०४ पासून चालत आलेली फुटबॉलची झुंज २०२३ नंतर थांबली, कारण त्यांपैकी एक दुसऱ्या गटात गेले. चाहत्याला सामने पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले. परंतु ज्या शेजाऱ्याला हरवण्यात वर्षभराचा आनंद होता, तो शेजारीच वेळापत्रकातून नाहीसा झाला.

लातूर आणि अंबाजोगाई यांच्या बाबतीत १९९४ साली जे झाले, त्याचा बाह्य आकार हाच आहे. तेथे कारण पैसा होते, येथे प्रशासन. परंतु दोन्हीकडे निर्णय घेणाऱ्यांच्या कागदावर चाहत्यासाठी रकाना नव्हता. त्यामुळे सर्व दोष पैशाच्या माथी मारणे हे शास्त्रीय दृष्टीस मान्य होण्यासारखे नाही.

(४)

मग दूरदर्शनच्या पैशाने येथे काय केले? अमेरिकेत त्याने महाविद्यालयाचा संघ हलवला. आपल्याकडे त्याने महाविद्यालयाचा प्रेक्षक हलवला. हा भेद मूलभूत आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडबरोबर रंगीत प्रक्षेपण आले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, आणि प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारीचा आधार सुटला. मालमत्ता जनतेची ठरली. सामन्यांच्या हक्कांचा बाजार मात्र क्रिकेट मंडळाच्या हाती वाढला. २००८ साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगचे प्रक्षेपणहक्क २०१८ ते २०२२ या काळासाठी १६,३४७.५ कोटी रुपयांना आणि २०२३ ते २०२७ या काळासाठी ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या प्रवाहातून आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या वाट्याला सांगण्याजोगे काही येत नाही. १९३५-३६ साली सुरू झालेली रोहिंटन बारिया करंडकाची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा एके काळी रणजी संघाचे दार मानली जाई. आज त्या दारावर उभे राहून आत कोण जातो हे पाहणारे थोडेच आहेत.

कबड्डीची कथा अधिक बोलकी आहे, कारण तो मराठवाड्याच्या गावागावांत खेळला जाणारा खेळ. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीऐवजी मॅट, दुपारऐवजी रात्र आणि उघड्या मैदानाऐवजी बंदिस्त सभागृह आले. चढाईला तीस सेकंदांची घड्याळी मर्यादा आली, दमाची जागा काट्याने घेतली. लाभ नाकारता येत नाही. ज्या खेळाडूला पूर्वी एखादी नोकरी मिळणे हेच सर्वोच्च फळ होते, त्याला मोबदला आणि कीर्ती दोन्ही मिळू लागली. मात्र भाषेने वेगळीच साक्ष दिली आहे. ‘चढाई’ची ‘रेड’ झाली, ‘पकड’ होती तिचे ‘टॅकल’ झाले, आणि ‘लोण’ जाऊन ‘ऑल आउट’ आले. ‘लोण चढवणे’ हा खेळातला शब्दप्रयोग, आणि ‘लोण पसरणे’ हा रोजच्या बोलण्यातला. नव्या प्रेक्षकाच्या कानी पहिला आता क्वचितच पडतो. शब्द बदलले म्हणून खेळ भ्रष्ट झाला असे म्हणणे भाषाशास्त्राला शोभणारे नाही. परंतु शब्द कोणाच्या तोंडून येतात, हे पाहणे त्याचे कामच आहे. पूर्वी ते मैदानाच्या कडेने येत. आता ते पडद्यावरून उतरतात.

याहून महत्त्वाची गोष्ट सर्वनामाची आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला या लीगमध्ये पुण्याचा आणि मुंबईचा असे दोन संघ आले. बीड जिल्ह्यातील तरुणाने त्यांपैकी एकाची निवड केली, तर तो ‘आपण जिंकलो’ म्हणू शकतो; पण ते ‘आपण’ त्याने निवडलेले असते, त्याला मिळालेले नसते. निवडलेले आपलेपण मोकळे असते आणि म्हणून सोडायलाही सोपे असते. महाविद्यालयाचे आपलेपण तसे नव्हते. वर्गातला मुलगा, गल्लीतला मुलगा, मावसभाऊ चढाईला जात असे, आणि त्याची पकड झाली तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याला त्याचा जाब द्यावा लागे.

(५)

दूरत्व हेच आपलेपणाचा घात करते, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होईल. अंबाजोगाईचाच इतिहास तो खोडून काढतो. योगेश्वरी ही कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवता आहे. घाटाखाली शेकडो मैल दूर राहणाऱ्या या कुटुंबांनी कित्येक पिढ्या अंबाजोगाईशी नाते राखले, तेही प्रवासाची साधने बिकट असताना. हे टिकले, कारण त्या नात्याला कुलाचार होता. लग्नकार्यानंतर दर्शनाला येण्याचा परिपाठ होता. मार्गशीर्षातील उत्सवाला ठरलेली तिथी होती. अंतर कितीही असो, पुनःपुन्हा येणे चालू राहिले तर ‘आपण’ टिकते. आवर्तन तुटले की शेजारचे गावही परके होते.

चाहत्याचे आपलेपणही याच जातीचे आहे. त्याच प्रतिस्पर्ध्याशी, त्याच ऋतूत, त्याच मैदानावर वर्षानुवर्षे होणारी भेट हा त्याचा कुलाचार. संलग्नतेच्या फेरबदलाने प्रतिस्पर्धी बदलला आणि प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाने ऋतू व मैदान बदलले. दोहोंचा परिणाम एकाच ठिकाणी, या आवर्तनावर झाला. त्यावरील उपायही म्हणूनच फारसा खर्चाचा नाही. विद्यापीठांच्या सीमा पुन्हा आखण्याची गरज नाही, आणि प्रक्षेपणाच्या पैशाशी स्पर्धा करण्याची तर मुळीच नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेजारी महाविद्यालयांमध्ये ठरलेल्या तिथीला, आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर, दरवर्षी एक सामना व्हावा, एवढे पुरेसे आहे. अंबाजोगाई आणि लातूर यांच्यामधला रस्ता १९९४ नंतरही तोच आहे. त्या रस्त्याने वर्षातून एकदा खेळाडूंची एक गाडी जाऊ लागली, तर तिच्या मागोमाग ‘आपण’ म्हणणारे लोकही जातील.