गाव जागेवर, ग्रामसभा कुठे? : निर्मळची गोष्ट

कार्तिक वद्य एकादशीला तुम्ही कधी निर्मळच्या यात्रेला गेला आहात? नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेकडे निघालात की इमारतींची गर्दी हळूहळू कमी होते आणि वाड्या दिसू लागतात. मग येतं तळं, शंकराचार्यांचं समाधी मंदिर, आणि गावातलंच होली क्रॉस चर्च. इथं कुणीही सांगेल की हे गाव आहे. पण २००९ पासून सरकारी हिशोबात निर्मळ हा महानगरपालिकेचा भाग आहे. गावाचं गावपण नेमकं कोण ठरवतं? माझ्या संशोधनातला हा एक मोठा प्रश्न, आणि तो समजून घ्यायला निर्मळइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी थोडा इतिहास. १५३४ मध्ये वसईचा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इथं मराठ्यांचा अंमल सुरू झाला. पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेली इथली देवस्थानं नंतर पुन्हा उभी राहिली, त्यात वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव यांचं नाव घेतलं जातं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज आले. त्यांनी १८८२ मध्ये छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये निर्मळच्या यात्रेची नोंद आहे. राज्यं बदलली तरी तळं राहिलं, यात्रा राहिली, आणि पोर्तुगीज काळात रुजलेला ख्रिस्ती समाजही शेजारी राहिला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या राजवटींचा गावाशी मुख्य संबंध साऱ्यापुरता. जमीन किती, पीक काय, वसूल किती. पाटील, तलाठी, मामलेदार ही साखळी वरून खाली येणारी. गावाने स्वतःसाठी काही ठरवावं, ही सोय कायद्यात फार उशिरा आली. मुंबई प्रांतात १९२० मध्ये ग्रामपंचायतीचा कायदा झाला, आज लागू आहे तो १९५८ चा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला थेट घटनेत जागा मिळाली.

म्हणजे आपल्याकडचं गाव दोन दोऱ्यांनी बांधलेलं असतं. एक महसुलाची, वरून आलेली. दुसरी पंचायतीची, खालून विणलेली.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. थायलंडमध्ये काही गावं मिळून ‘तांबोन’ होतो. त्याचा प्रमुख ‘कामनान’. १९१४ च्या कायद्यापासून तो सरकारी साखळीतला गावपातळीवरचा माणूस आहे. आपल्या पाटलाचा दूरचा भाऊच म्हणा ना! १९९४ च्या कायद्याने त्याच तांबोनसाठी निवडून आलेली संस्था उभी करायची वाट मोकळी झाली. तिथंही दोन दोऱ्या शेजारी शेजारी आहेत, आणि कुणाचं चालतं यावरून कुरबुरीही होतात.

आता निर्मळकडे परत येऊ. जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची ५३ गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. निर्मळची ग्रामपंचायत संपली. मजा अशी की पहिली दोरी तशीच राहिली. सातबाऱ्यावर आजही ‘मौजे निर्मळ’च आहे. कापली गेली ती दुसरी.

फरक किती पडतो? साधा हिशोब करू. ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य असतात. शिवाय ग्रामसभेत प्रत्येक मतदार स्वतः उठून सरपंचाला हिशोब विचारू शकतो. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती आणि २०१५ च्या निवडणुकीत नगरसेवक होते ११५. म्हणजे दहा हजारांहून जास्त माणसांमागे एक. ग्रामसभा नाहीच. आणि जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं नगरसेवकही नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती!

म्हणूनच पश्चिम पट्ट्यातल्या आणि पूर्वेकडच्या अनेक गावांनी ‘आम्हाला वगळा’ म्हणत आंदोलन केलं. वाड्या, विहिरी, हरित पट्टा शहराच्या पोटात जाईल ही भीती होती. २००९ च्या विधानसभेला वसईतून विवेक पंडित निवडून आले, ते याच लाटेवर. मे २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावं वगळायचा निर्णय घेतला, त्यात निर्मळही होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निर्णयाला स्थगिती मिळाली. वर्षं गेली. दरम्यान २०१४ मध्ये ठाणे जिल्हा फुटून पालघर झाला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने आपला जुना निर्णयच मागे घेतला. गावं महानगरपालिकेतच राहिली.

दुसरी बाजूही ऐका. छोट्या पंचायतीकडे पैसा कमी, तांत्रिक माणसं कमी. नळाचं पाणी, कचरा, अग्निशमन, शहर बससेवा हे एकेकट्या गावाला झेपणारं नाही. मुंबईच्या लोकलला जोडलेल्या पट्ट्यात गाव आणि शहर वेगळं काढणंही सोपं नाही. हे म्हणणं खोटं नाही.

पण मला अडतं ते दुसरीकडे. घटनेच्या कलम २४३-क्यूमध्ये शहरी क्षेत्र ठरवायचे निकष दिलेत: लोकसंख्या, घनता, महसूल, शेतीबाहेरचा रोजगार. तिथं राहणाऱ्यांची इच्छा हा निकष त्यात नाही. कायद्यानुसार हरकती मागवतात, सुनावणी होते, पण गावाचा होकार लागतोच असं नाही. मोठ्या कामांसाठी महानगरपालिका असावी आणि तळं, वाडी, रस्ता यांसाठी ग्रामसभाही टिकावी, अशी मधली सोय आपण कधी नीट शोधलीच नाही. दोन दोऱ्या एकत्र नांदू शकतात, तर तिसरी का नाही?

पुढच्या यात्रेला गेलात तर तळ्याकाठी थोडं थांबा. या तळ्याचा गाळ काढायचा की नाही हे आज कोण ठरवतं, ते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि पूर्वी कोण ठरवायचं, तेही. जे उत्तर मिळेल ते मला कळवा, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाला त्याची गरज आहे.