मेणवली येथील फडणिसांचा वाडा

वाई क्षेत्रापासून सुमारें एक कोसावर, कृष्णेच्या कांठीं मेणवली हें गांव आहे. तेथील वाडा नाना फडणिसांचा म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु नानांचें आयुष्य बहुतांशीं पुण्यास कारभारांत गेलें. वाड्याच्या स्वामित्वाची खरी कथा त्यांच्या निधनानंतरच सुरू होते. तिचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म इ. स. १७४२ चा. पानिपतच्या रणांतून (१७६१) ते बचावून आले. पुढें १७६८ त भवानराव त्र्यंबक प्रतिनिधि व रघुनाथ घनःश्याम मंत्री या उभयतांनीं मेणवली गांव त्यांस दिला. त्यानंतर नानांनीं तेथें सहा चौकांचा वाडा, नदीस घाट आणि घाटावर मेणेश्वर व विष्णु यांचीं देवालयें बांधिलीं. घाटावरील घंटा संशोधकांनीं अवश्य पाहावी. तिच्यावर १७०७ हा सन व बाल येशूसह मेरीची आकृति आहे. १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, त्या वेळीं हातीं आलेल्या फिरंगी घंटांपैकीं ती एक, असें मानितात.

१३ मार्च १८०० रोजीं नाना निवर्तले. त्यांच्या पत्नी जिऊबाई तेव्हां अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. दुसऱ्या बाजीरावानें मालमत्ता जप्त केली, तींत मेणवलीहि गेली. जिऊबाईंस लोहगडावर धोंडोपंत नित्सुरे यांचा आश्रय लाभला. १८०४ त जनरल वेलस्ली यांच्या मध्यस्थीनें त्या गड सोडून पनवेलीस गेल्या; कंपनी सरकारकडून त्यांस सालिना १२,००० रुपयांची नेमणूक झाली. १८१८ त पेशवाई बुडाली, तेव्हां मेणवली त्यांस परत मिळाली. म्हणजे ज्या सत्तेच्या रक्षणार्थ नाना जन्मभर झटले, तिच्या अस्तानंतरच त्यांची वास्तु त्यांच्या घराण्याकडे आली! पुढें जिऊबाई येथेंच राहिल्या व दत्तक घेऊन त्यांनीं वंश चालविला. वाडा नानांनीं बांधिला. राखिला तो या बाईंनीं, असें आमचें मत आहे.

या वाड्यांतील खरें धन म्हणजे दप्तर. कॅप्टन मॅक्डोनाल्ड यांनीं १८५१ त प्रसिद्ध केलेलें नानांचें चरित्र घराण्यांतील कागदांच्या आधारें सिद्ध झालें. पुढें रावबहादुर पारसनीस (१८७०–१९२६) यांनीं मेणवली दप्तरांतील कागद मिळविले, व त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ त पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. त्यामुळें कागद वांचले, हे उपकार थोर आहेत. तथापि रुमाल एकदां घराबाहेर पडला, कीं तो कोणाजवळ व कोणत्या कागदांसह बांधलेला होता हें सांगणारें कोणी उरत नाहीं. आमच्याजवळहि अशीं कांहीं सुटीं पत्रें आहेत. तीं कोणत्या घरचीं हें देणाऱ्यास आम्हीं वेळीं विचारिलें नाहीं, आणि आतां तीं मुकीं झालीं आहेत.

सबब संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं कागद स्वीकारतांना घर, गांव व स्वीकाराची तिथि प्रथम टिपून ठेवावी. वाडे पडतील, निदान कागदांस त्यांचें घर ठाऊक असावें.