दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ



आपल्यापैकी किती जणींच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मुद्दाम पुढे लावलेलं आहे? आमच्याकडे कितीतरी वर्षं ते दहा मिनिटं पुढे होतं. मुलांची शाळेची बस, ह्यांची लोकल, सगळ्यांच्या घाईवर मी काढलेला तो उपाय. झालं एवढंच, की सगळ्यांना ते पुढे असल्याचं ठाऊक झालं. प्रत्येक जण मनात दहा मिनिटं वजा करायचा आणि शेवटी धावतच सुटायचा.

ही घाई आपल्या घरात शिरली कुठून? आपल्या जुन्या लोकांकडे वेळेचं माप नव्हतं असं नाही. २४ मिनिटांची घटिका, दोन घटिकांचा म्हणजे ४८ मिनिटांचा मुहूर्त. आपली सामायिक त्याच मापाची आणि नवकारशीही सूर्योदयानंतर तेवढ्याच वेळाने. पण हे माप सूर्याला बांधलेलं होतं. जिथे आपण, तिथली वेळ.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि मिनिटाला भाव आला. गाडी कोणासाठी थांबत नाही, हे लोक शिकले. पुढे रेल्वेचं जाळं पसरलं तेव्हा सगळ्या मार्गांवर एकच वेळ हवी म्हणून मद्रासची वेळ धरली गेली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा जवळजवळ अर्धा तास पुढे होती. म्हणजे शहराचं घड्याळ बघून निघालेल्या माणसाची गाडी सुटायचीच. १८८१ मध्ये सरकारने मद्रासची वेळ मुंबई शहरालाही लावून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाची एकच प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. ज्यांना भोंग्यावर कामाला जायचं, त्यांना इतकं आधी उठावं लागणार होतं. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही. सूर्य मात्र जिथे होता तिथेच राहिला. आजही मुंबईत तो माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास किंवा त्याहून उशिरा.

याच मुंबईत एक घड्याळ आपल्या समाजाच्या जवळचं आहे. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव टॉवरला दिलं. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नियम होता. घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना कोणाला न विचारता वेळ कळावी, म्हणून मुलाने हे केलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. कारण आमच्या घरात नेमकं उलटं घडलं होतं.

सासूबाईंची शेवटची दोन वर्षं. नजर अधू झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाचे मोठे काटे तेवढे दिसायचे. चौविहार त्यांनी कधी सोडला नाही. त्या सावकाश जेवायच्या आणि मी मागे लागायची, "आई, आटपा लवकर, वेळ होत आली." एका संध्याकाळी मी ताट वाढून घाईघाईने फोन घ्यायला गेले. परत आले तर दोन घास खाऊन त्यांनी हात धुतले होते. घड्याळाकडे पाहून त्यांना वाटलं, सूर्यास्त झाला. त्यांनी पच्चक्खाण घेऊनही टाकलं होतं. खिडकीत अजून ऊन होतं.

मी म्हटलं, "आई, ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे." त्या म्हणाल्या, "असू दे गं. घेतलं ते घेतलं." दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मला रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मी बी.कॉम. झालेली. वहीत नसलेली रक्कम लिहिली की कुठेतरी, कोणाच्या तरी खात्यात ती खोट निघते, हे मी शिकले होते. नसलेली दहा मिनिटं मी भिंतीवर लिहून ठेवली होती आणि ती खोट निघाली सासूबाईंच्या ताटात. भगवान महावीरांनी गौतमस्वामींना एक समयही प्रमाद करू नका असं सांगितलं. मी त्याचा अर्थ इतकी वर्षं 'पळत राहा' असा घेत होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आणि सर्वांत बेसावध मी घाईतच असते. ईर्यासमिती पाऊल बघून टाकायला सांगते ते उगाच नाही.

त्याच रात्री मी घड्याळ बरोबर लावलं. सासूबाईंची सामायिकची वाळूची घडी आता माझ्याकडे आहे. ती कितीही हलवली तरी वाळू आपल्याच गतीने पडते.

आज आपापल्या घरातलं घड्याळ एकदा बघा. आणि घरी चौविहार करणारं वडीलधारं माणूस असेल तर त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर लावा. ते जेवत असताना शेजारी बसा.