पानाची डावी बाजू

वकिली करणाऱ्या माणसास कालांतराने एक खोड जडते. कोणी कशावरही हक्क सांगितला की, त्याच्या तोंडून आपोआप प्रश्न निघतो, "आधार काय?" न्यायालयात हा प्रश्न शोभतो, पंक्तीत शोभत नाही. याचा अनुभव मला माझ्याच घरी आला. कुलदेवतेच्या समाराधनेचा दिवस होता. नैवेद्याचे पान वाढले जात असता आमच्या सौभाग्यवतींनी टोमॅटोची कोशिंबीर पुढे आणली. हिंगाची फोडणी, वर ओले खोबरे, कोथिंबीर, असा सर्व साज यथासांग होता. परंतु आमच्या वृद्ध मावशींनी हात आडवा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाये, हें देवाक चलना." मी सवयीने विचारले, "मावशी, याला आधार काय?" त्या उत्तरल्या, "आधार तू तुझ्या पुस्तकांत शोध. मला पंक्त खोळंबवायची नाही." टोमॅटो मागे गेला, काकडी पुढे आली. मी गप्प बसलो खरा. पण त्या काकडीत मला हिरव्या मिरचीचे तुकडे दिसले आणि मनात एक खटला उभा राहिला. त्याचीच ही हकीकत.

पान वाढणे हीदेखील एक अलिखित संहिताच आहे. मीठ पानाच्या शेंड्याशी मध्यभागी. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी; डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवी बाजू पोट भरते, डावी बाजू रुची राखते. उजवीकडचे बहुतेक पदार्थ चुलीवरून उतरतात. डावीकडची कोशिंबीर विळीवरून थेट पानात येते. म्हणून ती क्षणाची आहे. ती टिकत नाही, साठवता येत नाही, आणि तिच्यासाठी कोणी वाण्याकडे यादी पाठवीत नाही. परसात, बाजारात, ऋतूत जे असेल त्याची ती होते. हिची भावंडे सर्वत्र आहेत. कर्नाटकात भिजविलेल्या मूगडाळीची कोसंबरी, गोमंतकात करम आणि सासव, बेळगावच्या आसपास पचडी, माळव्यात कचूमर. आणि बडोद्यास स्थायिक झालेल्या मराठी घरांनी तर शेजाऱ्यांच्या संभाऱ्याशीही सोयरीक जुळविली.

पानाच्या या लहानशा कोपऱ्यावर एके काळी कायद्याची दृष्टी वळली होती, हे आज कोणास सांगितले तर विनोद वाटेल. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली. तिच्या १७३६ सालच्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती झालेल्या लोकांनी कोणते जुने आचार टाकून द्यावेत याची लांबलचक यादी आहे. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो जाहीरनामा वाचावयास मिळतो. अंगणातली तुळस, पुरुषांचे धोतर, स्त्रियांची चोळी यांच्या बरोबरीने त्यात एक कलम आहे ते भाताविषयी. हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवून मग चवीप्रमाणे वरून मीठ घालून घेण्याची मनाई! म्हणजे पानाच्या शेंड्याशी असलेली मिठाची ती चिमूट माणसाचा पूर्वधर्म सांगते, असे राज्यकर्त्यांचे मत होते. शत्रूने आपल्या आचाराचे इतके बारकाईने वाचन करावे, हा आचाराच्या बळाचाच पुरावा नव्हे काय?

त्या काळात ज्यांनी देव सोडले नाहीत त्यांनी गाव सोडले. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा ही दैवते सोळाव्या शतकातच पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रूज महालात नेण्यात आली आणि प्रियोळ व कवळे येथे स्थिरावली. घरदार, शेतभाट, नारळीपोफळी मागे टाकून आलेल्या माणसांनी आपले पान मात्र मोडू दिले नाही. अशा माणसांनी परक्याचे काहीही पानाला लागू दिले नसेल, असे आपण सहज गृहीत धरू. इतिहासाची साक्ष मात्र अगदी वेगळी आहे.

१५०० साली काब्रालचा पोर्तुगीज तांडा प्रथम ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला आणि त्याच वर्षी तोच तांडा कालिकतास पोहोचला. त्या एका प्रवासाने दोन खंडांच्या परसबागा एकमेकींना जोडल्या असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि त्यांच्या जहाजांमागून मिरची, अननस, काजू, पेरू, पपई ही मंडळी या देशात रुजली. नावांनीच त्यांची कुळकथा सांगितली आहे. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या आदिवासींच्या बोलीतून पोर्तुगीजांच्या तोंडी आले आणि तेथून आपल्या.  कोबी आणि बटाटा हेही शब्द पोर्तुगीजच. अननसाची वाटचाल किती जलद झाली पाहा. १६०५ ते १६२७ या काळात राज्य करणाऱ्या जहांगीर बादशहाने फिरंग्यांच्या बंदरांत होणाऱ्या या फळाचा उल्लेख आपल्या आठवणींत केला असून, आग्र्याच्या बागेत ते हजारोंनी पिकत असल्याचेही नमूद केले आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावाही पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. हा राजा खाण्याचा मोठा रसिक होता. पण त्याच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, भुईमूग नव्हता, बटाटा नव्हता. तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, सुंठीचा, मोहरीचा.

आता आपल्या घरची एकादशी घ्या. त्या दिवशी निष्ठावंत घरात कोणती कोशिंबीर होते? काकडी चोचवायची, दाण्याचे कूट घालायचे, हिरवी मिरची, लिंबू, साखर, मीठ आणि वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. यांतील काकडी या भूमीचीच. पण दाणे दक्षिण अमेरिकेतले आणि मिरचीही अमेरिकेचीच. शेजारी लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत असेल तर तो भोपळाही त्याच खंडातला. म्हणजे ज्या दिवशी आपण सर्वांत अधिक सोवळे असतो, त्याच दिवशी आपल्या पानाची डावी बाजू सर्वांत अधिक समुद्रपार गेलेली असते! ही गोष्ट मी कोणास हिणविण्यासाठी सांगत नाही. उलट ती मला पूर्वजांच्या शहाणपणाची खूण वाटते.

हे घडले कसे? माझे उत्तर हिंदू कायद्यातल्या एका जुन्या संस्थेत आहे. दत्तक घेतलेला मुलगा जन्माने परका असतो. विधी झाला की त्याचे गोत्र बदलते आणि तो घरचा होतो. मिरचीचे नेमके तेच झाले. मिऱ्यांची जागा तिने घेतली आणि मिऱ्यांवरूनच तिला नाव मिळाले. कोशिंबीर हा त्या दत्तकविधानाचा मंडप होय. चुलीवरच्या मुख्य पदार्थांत नवख्या जिनसाला एकदम प्रवेश मिळणे कठीण. डाव्या बाजूस चिमूटभर वाढून पाहावयास कोणाची हरकत नसते. रुचले तर राहिले, न रुचले तर उद्या दुसरे. मात्र प्रवेशाच्या अटी आपल्या होत्या, आणि त्या बायकांनी घातल्या होत्या.

या अटी चार. पहिली आंबटाची. दही, लिंबू, कैरी, चिंच किंवा बिंबल यांपैकी एकाने कच्चेपणाला वळण लावायचे. दुसरी बांधणीची. दाण्याचे कूट, ओले खोबरे किंवा भिजविलेली डाळ, म्हणजे सुटलेले पाणी धरून राहते. तिसरी उग्रतेची. फोडणी किंवा फेसलेली मोहरी. मोहरी कोरडी असता मुकी असते. पाण्याबरोबर वाटली की तिच्यातला झणका जागा होतो, आणि उकळत्या आधणात टाकली तर तो निर्माणच होत नाही. म्हणून सासवाला मोहरी वाटून आणि गार असतानाच घालतात. चौथी अट मिठाची. ते सर्वांत शेवटी, पान वाढावयाच्या वेळीच घालायचे; कारण मीठ लागताच काकडी, मुळा, टोमॅटो यांतील पाणी बाहेर ओढले जाते आणि कोशिंबिरीचे सार होते. वरून, चवीपुरते, मागाहून मीठ घेण्याची जी रीत जाहीरनाम्याला खुपली, ती या कोपऱ्यात तरी निव्वळ पाकशास्त्र होती.

गोमंतकातले अननसाचे सासव या दत्तकविधानाचा उत्तम दाखला आहे. फळ ब्राझीलचे, पण नारळ, गूळ आणि वाटलेली मोहरी यांच्या सहवासात ते असे मुरले की, आंब्याच्या शेजारी बसावयास त्याला संकोच उरला नाही. मग हाच विधी आपण पुढे का चालवू नये? पिकत आलेल्या पेरूच्या बिया काढून फोडी दह्यात घालाव्या, वर जिऱ्याची फोडणी द्यावी. कच्ची पपई किसून तिला लिंबू आणि मोहरीची फोडणी द्यावी. बीट उकडून, किसून, दह्यात कालवावे. पंक्तीत त्याच्याइतका देखणा रंग दुसरा नाही. मूगडाळ दोन तास भिजवून निथळावी व तीत गाजराचा कीस, कैरी आणि खोबरे मिसळावे. मुळ्याबरोबर त्याचा कोवळा पालाही बारीक चिरून घालावा. तो टाकून देणे हा अपव्यय आहे. डाळिंबाचे दाणे आणि काकडी यांना दाण्याच्या कुटाऐवजी ओला काजू द्यावा. चार अटी पाळल्या की यांतील एकही पदार्थ परका वाटत नाही.

एक खंत मात्र सांगावीशी वाटते. उजव्या बाजूच्या पदार्थांची नोंद पुष्कळ झाली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले, मुंबईच्या सारस्वत महिला समाजाची 'रसचंद्रिका' १९४३ साली, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. या ग्रंथांनी मोठेच काम केले, आणि त्यांत कोशिंबिरीही आहेत. पण घराघरांतली जी कोशिंबीर सकाळी परसात काय मिळाले यावर ठरत असे, ती लिहिणार कोण? ती हाताबरोबर येते आणि हाताबरोबरच जाते. वारसाहक्काच्या दाव्यांत मी जमिनीच्या तुकड्यांसाठी भावाभावांना भांडताना रोज पाहतो. आईच्या कोशिंबिरीचा वाटा मागणारा वारस अजून माझ्या कचेरीत आलेला नाही.

राहिला टोमॅटोचा खटला. ही सारी साक्ष घेऊन काही महिन्यांनी मी मावशींपुढे उभा राहिलो. मिरची, दाणे, भोपळा सर्व पुरावा मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या वेळी कोबीसुद्धा घरात येत नसे. मीच आणला. आधी मुलांच्या पानात वाढला, मग मोठ्यांच्या. देवाच्या पानात अजून नाही. घाई कसली?" युक्तिवाद संपला. देवाच्या नैवेद्याचा शिरस्ता निराळा आणि घरच्या पानाचा निराळा, हा भेद त्यांनी मला शिकविला. देवस्थानचा शिरस्ता तो सांभाळणाऱ्यांनी सावकाश बदलावा, वा न बदलावा. तेथे आपण घाईने हात घालू नये. पण त्याचे नाव पुढे करून घरच्या पानावरचा दरवाजाही लावून घेणे, हे पूर्वजांच्या आचरणास धरून नाही.

त्या दिवशी दुपारी मावशींच्या पानात आमच्या सौभाग्यवतींनी टोमॅटोची कोशिंबीर वाढली. मावशींनी ती चाखली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मीठ लवकर घातलेस. पाणी सुटले आहे."

दत्तकपत्रावर सही झाली, असे मी समजलो.