न्हाणीजवळचा गुलबास आणि आपली हायब्रीड ज्वारी

मे महिना चालू आहे. इकडं महागावात वावरं उघडी पडलीत, पऱ्हाट्या उपटून झाल्या, विहिरी तळाला गेल्या. हिरवं काही दिसतं ते घरामागं, न्हाणीचं पाणी जातं तिथं. मोगरा, सदाफुली आणि गुलबास. गुलबासाचा खरा बहर पावसाळ्यात, पण सांडपाणी मिळालं तर भर उन्हाळ्यातही तो संध्याकाळी चार-पाचला फुलतो आणि सकाळी ऊन चढलं की मिटतो. आज त्याच्याबद्दल लिहितो, कारण या झाडाचं नाव पिकांच्या इतिहासात मोठं आहे आणि तो धागा थेट आपल्या ज्वारीपर्यंत येतो.

झाड मूळचं आपलं नाही. ते अमेरिका खंडातलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं, तिथं त्याला 'पेरूचं नवल' म्हणू लागले (पेरू देश बरं का, खायचा पेरू नव्हे. तसा तोही तिकडूनच आला). आपल्याकडचं गुलबास हे नाव फारसी गुल-ए-अब्बासवरून पडलेलं. पुढं ते इतकं घरचं झालं की एका रंगालाच आपण गुलबक्षी म्हणतो. आमच्याकडं याचं बी कोणी विकत आणलेलं मला माहीत नाही. मिरीसारखं काळं बी पदराच्या गाठीत बांधून या घरातून त्या घरात, माहेरातून सासरी जातं. लेकरांना मात्र ते तोंडात घालू देऊ नका, बी आणि मूळ दोन्ही विषारी.

आता जर्मनीत जाऊ. कार्ल कोरेन्स नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०० साली मेंडेलचे विसरलेले नियम ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणले त्यातला हा एक. लाल आणि पांढऱ्या गुलबासाचा संकर केला की पहिल्या पिढीत गुलाबी फुलं येतात, आणि दुसऱ्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ अशी. हे कृषी पदवीच्या पोरांनी परीक्षेत लिहिलेलंच असतं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं १९०९ सालचं काम. त्याच्याकडं चितकबऱ्या पानांचा गुलबास होता. एकाच झाडावर काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढऱ्या, काही ठिपक्यांच्या. त्यानं सगळ्या जोड्या जुळवून पाहिल्या. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पांढऱ्या फांदीचे परागकण दिले, तरी रोपं हिरवीच. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला हिरव्याचे दिले, तर रोपं पांढरी, आणि हरितद्रव्य नसल्यामुळं ती थोड्याच दिवसांत मेली. ठिपक्याच्या फांदीचं बी तिन्ही तऱ्हेचं निघालं. बाप कोणताही लावा, काही फरक पडेना. पानाचा रंग फक्त आईकडून येत होता. मेंडेलच्या हिशोबात हे बसत नव्हतं. पुढं कळलं की पेशीच्या केंद्राबाहेर जी हरितलवकं असतात त्यांचा स्वतःचा वारसा असतो, आणि गुलबासात तो बीजांडातून, म्हणजे आईकडूनच जातो.

याचा ज्वारीशी संबंध काय? ज्वारीचं एक फूल केवढं, आणि एका कणसात अशी फुलं हजारांनी. एकेकाचे पुंकेसर चिमट्यानं काढून संकरित बी करायचं म्हटलं तर ते सोन्याच्या भावानं विकावं लागेल. १९५४ मध्ये अमेरिकेत टेक्सासला स्टीफन्स आणि हॉलंड यांनी वाट काढली. मायलो ज्वारीची आई आणि काफिर ज्वारीचं केंद्र असं जुळवलं की झाडाला जिवंत परागकणच येत नाहीत. हा दोषही आईकडून येतो, फक्त इथं हरितलवकाऐवजी तंतुकणिकेतून. मग काम सोपं झालं. अशा वांझ नराच्या ओळी लावा, शेजारी बापाच्या ओळी लावा, परागीकरण वारा करतो. बाप असा निवडायचा की शेतकऱ्याच्या वावरातल्या झाडाला परागकण परत यावेत, नाहीतर दाणेच भरणार नाहीत.

याच पद्धतीनं भारतात १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि 'हायब्रीड' हा शब्द त्या काळात खेड्याखेड्यांत पोचला. दुष्काळाच्या त्या वर्षांत या ज्वारीनं पोटं भरली, हे नाकारायचं कारण नाही. पण तिची दुसरी बाजूही जुनी माणसं सांगतात. लवकर येणारी असल्यानं ती पावसात सापडायची, दाणा काळा पडायचा. झाड बुटकं, म्हणून बैलांना कडबा कमी. आणि घरचं बी ठेवलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येईनात, काही तर वांझच. कणगीतलं बी संपलं आणि दुकानातलं सुरू झालं, ते इथून.

अमेरिकेला तर मोठा फटका बसला. १९७० मध्ये तिथल्या बहुतेक मक्याची 'आई' एकच होती. त्याच आईच्या वारशाला बळी पाडणारा करपा आला आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. वाणांची नावं वेगवेगळी होती, पण आई एक. बियाण्याच्या पिशवीवर हे लिहिलेलं नसतं, ते विचारावं लागतं. कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना माझी विनंती आहे, की आज आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या संकरित ज्वारीत किती वेगवेगळ्या आया आहेत ते खाली लिहा.

(पऱ्हाटीचं मात्र वेगळं. १९७० च्या एच-४ पासून कपाशीचा संकर मुख्यतः हातानंच होतो, बायामाणसं एकेक कळी सोलून. तिथं कोरेन्सच्या शोधाची गरज फारशी पडली नाही.)

कोणाला लाल-पांढऱ्याचा प्रयोग करून पाहायचा असेल तर दुपारी, फूल उमलायच्या आधी, लाल झाडाची फुगलेली कळी अलगद उघडून पुंकेसर काढा. कारण फूल मिटताना ते वळतात आणि आपलेच पराग आपल्यालाच लावतात. संध्याकाळी पांढऱ्याचे पराग लावून दोरा बांधा, वरून मलमलीची छोटी पिशवी, कारण रात्री पतंग येतात. एका फुलाला एकच बी धरतं, म्हणून निदान दहा कळ्या घ्या. फुलावर पट्टे असलेलं झाड वापरू नका, त्या पट्ट्यांचं कारण वेगळं आहे आणि हिशोब चुकेल.

चितकबऱ्या पानांचा गुलबास कोणाच्या परसात असेल तर कळवा. बी घ्यायला मी येतो.