‘सायनाइड’ : एका निळ्या शब्दाची कुळकथा



‘सायनाइड’ हा शब्द कानीं पडतांच घरांतील वडील माणसें दचकतील, हें मी जाणतों. सायनाइड म्हणजे तत्काळ प्राण हरण करणारें विष, हें समीकरण आपल्या मनांत पक्कें बसलें आहे. मी रसायनशास्त्राचा पंडित नव्हे. मुलांना शब्दांचीं कुळें सांगण्यांत आयुष्य घालविलेला एक जुना शिक्षक आहें. तेव्हां आपण विषाच्या आधीं शब्दाकडे पाहूं.

या शब्दांत विष कोठेंच नाहीं. आहे तो केवळ रंग. ग्रीक भाषेंत ‘क्युआनोस’ म्हणजे गडद निळा. आपल्या नीलकंठाच्या कथेंत विषानें निळा रंग आणला. येथें उलट रंगानें विषाला नांव दिलें. तें कसें, तें ऐका.

इ. स. १७०६ च्या सुमारास बर्लिन शहरीं डीसबाख नांवाचा एक रंगारी तांबडा रंग करीत होता. त्यासाठीं लागणारा पोटॅशचा क्षार त्यानें डिप्पेल नांवाच्या किमयागाराकडून घेतला. तो क्षार जनावरांच्या रक्तापासून काढलेल्या तेलानें दूषित झालेला होता, असें सांगतात. परिणाम असा कीं, तांबड्याऐवजीं भांड्यांत उतरला तो गर्द निळा रंग! बर्लिन ही प्रशियाची राजधानी, म्हणून जगानें त्याला ‘प्रशियन निळा’ म्हटलें. तोंपर्यंत उत्तम निळ्या रंगासाठीं चित्रकारांना अफगाणिस्तानांतून येणाऱ्या मोलाच्या राजावर्त दगडाची पूड करावी लागे. आतां स्वस्त निळा रंग सर्वांच्या हातीं आला.

पुढें १७८२ मध्यें स्वीडनच्या शेले या रसायनज्ञानें या निळ्या रंगापासून एक नवें आम्ल वेगळें केलें. त्याच्या वासाचें आणि चवीचेंहि वर्णन त्यानें लिहून ठेविलें आहे. आपण कशाशीं खेळत आहों, याची त्याला कल्पना नव्हती. १८१५ मध्यें फ्रान्सच्या गे-ल्युसाकनें त्याचें अंतरंग उलगडलें. त्यांत कार्बन व नायट्रोजन यांची एक घट्ट जोडी असते. निळ्या रंगाची जननी म्हणून तिला त्यानें ‘सायनोजेन’ असें नांव दिलें, आणि तिच्या क्षारांना ‘सायनाइड’ ही संज्ञा मिळाली.

या जोडीला धातूंची विलक्षण ओढ आहे. तिचे सारे उपयोग आणि सारे अनर्थ या एकाच गुणांतून निघाले. १८४० मध्यें बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं सायनाइडच्या द्रावणांतून विजेच्या साहाय्यानें सोन्या-चांदीचा मुलामा देण्याचा हक्क नोंदविला. १८८७ मध्यें ग्लासगोच्या मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधूंनीं दळलेल्या दगडांतील सोनें सौम्य द्रावणांत विरघळवून जस्तानें परत मिळविण्याची रीत काढली. पाऱ्याला न सांपडणारें सोनें या रीतीनें हातीं आलें, आणि दक्षिण आफ्रिकेंतील खाणींना नवें आयुष्य लाभलें. आपल्याकडे कोलारच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या. पण सोनें काढून उरलेल्या मातीच्या टेकड्या तेथें अद्याप उभ्या आहेत, आणि लोक त्यांना सायनाइडचे ढीगच म्हणतात.

आतां मारकपणाविषयीं. आपल्या पेशींत प्राणवायूचा उपयोग करून घेणारें एक लोहयुक्त द्रव्य असतें. सायनाइड त्यांतील लोहालाच बिलगतें. मग रक्तांत प्राणवायु भरपूर असूनहि पेशींना तो घेतां येत नाहीं. काठोकाठ भरलेल्या विहिरीच्या कांठीं तहानेनें मरावें, तशी ही गति. उलट प्रशियन निळ्या रंगांत ही जोडी आधींच लोहाशीं पक्की बांधलेली असते, म्हणून तो रंग निरुपद्रवी. इतकेंच नव्हे, तर तो औषधहि आहे. १९८७ मध्यें ब्राझीलमधील गोयानिया गांवीं किरणोत्सर्गी सीझियम लोकांच्या पोटांत गेलें, तेव्हां तें बाहेर काढण्यासाठीं रोग्यांना हाच निळा रंग देण्यांत आला. आपल्या घरांतील जीवनसत्त्वाच्या गोळीवर ‘सायनोकोबालामिन’ हें नांव आढळेल. तेथें हीच जोडी कोबाल्ट धातूशीं बांधलेली आहे. तिची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. जर्मनींत उवा, ढेकूण व उंदीर मारण्यासाठीं याच आम्लाचा वायु सोडणारें ‘झायक्लोन बी’ नांवाचें द्रव्य विकलें जाई. १९४१ पासून नाझी राजवटीनें आउश्वित्सच्या छावणींत तें माणसांवर वापरलें. त्या एका छावणींत दहा लक्षांहून अधिक माणसें मारलीं गेलीं; त्यांत बहुसंख्य ज्यू होतीं, आणि मारण्याचें मुख्य साधन हाच वायु होता. डीसबाखच्या भांड्यांत रंग अपघातानें उतरला होता. येथें अपघात कांहींच नव्हता. डब्यांची मागणी कागदावर लिहिली गेली, कोणीतरी ती पुरी केली, आणि कोणीतरी ते डबे उघडले. कार्बन आणि नायट्रोजन यांच्या जोडीला बऱ्यावाइटाची जाण नाहीं. ती जाण डबा उघडणाऱ्या हाताला असावयास हवी होती. आपल्या मुलांना हें रसायन शिकवितांना त्या हातांविषयींहि दोन शब्द सांगावे, एवढीच माझी विनंति आहे.